सातशे एकावी आठवण

"...सांगू का, ते नाही विचारत, माई. कशी सांगू, एवढंच विचारायला आलोय."

विश्वजित उंबऱ्यातच उभा होता. एक बूट काढलेला, दुसरा अजून पायातच.

गजरामाईंनी मान वर केली नाही. त्या म्हशीसाठी सरकी भिजवत होत्या. दुसरा बूट काढ, एवढंच म्हणाल्या.

मी ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. टेकडीवरच्या त्या मठात मी अधूनमधून चार दिवस जाऊन राहतो. माईंनी तिथं चाळीस वर्षं काढली आहेत. कुणाला उपदेश करताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. कामाला लावताना मात्र रोज पाहिलंय.

विश्वजितला मी ओळखत होतो, म्हणजे फोनवर पाहून. रोज सकाळी सात वाजता तो एक आठवण सांगायचा. दोन मिनिटांचा व्हिडिओ. शाळेची घंटा, शेजारणीचं भांडण, वडिलांचं शिलाई मशीन... वडील शिंपी होते त्याचे. दोन लाख माणसं ते ऐकायची, त्यांतला मी एक. पोरगा सांगायचा छान, हे कबूल करायला हवं. अलीकडे त्याचं सांगणं पाणचट झालं होतं, हेही कबूल करायला हवं.

माईंकडे फोन नव्हता. त्यामुळे आपण कोण, हे त्याला स्वतःच सांगावं लागलं, आणि ते सांगायला त्याला आवडत होतं. सातशे दिवस झाले, एकदाही खाडा नाही, हे त्यानं तीनदा सांगितलं. अंगात ताप असताना आठवण सांगितली. बहिणीच्या लग्नात मांडवामागे जाऊन सांगितली. वडील गेले, त्या दिवशीही सांगितली.

माईंचा हात सरकीत थांबला.

"त्या दिवशी कुठली सांगितलीस?"

विश्वजितचा हात खिशातल्या फोनकडे गेला. मग परत आला.

"...आठवत नाही," तो म्हणाला.

माई पुन्हा सरकी कालवू लागल्या.

मग त्याचा आवाज खाली आला. ओसरीच्या कडेला टेकून तो सांगत राहिला. महिनाभर तो आठवणी ओढूनताणून आणत होता. काही तर चक्क रचलेल्या होत्या. लोकांना त्याही आवडल्या, याचं त्याला जास्त वाईट वाटत होतं. आता खरी अशी एकच उरली होती. वडील जायच्या आदल्या दुपारी दवाखान्यात त्याचा हात धरून काहीतरी बोलले होते. ते त्यानं आईलाही सांगितलेलं नव्हतं. उद्या सकाळी सातला तेच सांगायचं, असं त्याचं ठरलं होतं. टेकडीवर रेंज बरी होती, म्हणजे इथूनही जमलं असतं.

"आन् ते सांगितल्यावर?" माईंनी विचारलं.

"मग काही नाही, माई. मग मी रिकामा."

हे तो अगदी सहज म्हणाला.

"जेवलास का?"

सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. माईंनी भात वाढला आणि दह्याचं गाडगं पुढ्यात ठेवून त्या गोठ्याकडे निघून गेल्या.

दोन घास खाल्ले आणि पोराचा चेहराच बदलला. असं दही शहरात मिळत नाही, असं मला म्हणाला. त्यानं पुन्हा घेतलं, मग पुन्हा. शेवटी गाडगं आडवं धरून बोटानं आतून पुसून काढलं, बोट चाटलं आणि रिकाम्या गाडग्याचा फोटो घेतला. मी हे बघत होतो. मठात राहून गप्प बसायची सवय लागते.

दुपारी त्यानं म्हशीला पाणी दाखवलं, सरपण रचलं. काम करताना दोनदा फोन काढला आणि दोनदा परत ठेवला. आपल्या प्रश्नाचं उत्तर कधी मिळणार, असं त्यानं मला हळूच विचारलंही. मी त्याला मूठभर शेंगा दिल्या.

संध्याकाळी माईंनी धार काढली. दूध तापवून कोमट होऊ दिलं, दुसरं धुतलेलं गाडगं चुलीशेजारी ठेवलं आणि विश्वजितला हाक मारली.

"एवढं विरजण लाव."

"विरजण कुठंय, माई?"

"दुपारच्या गाडग्यात असतंय की."

त्यानं दुपारच्या गाडग्यात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांकडे पाहिलं.

तो कानापर्यंत लाल झाला. गावच्या चुलीवर, ताकावर, लोण्यावर या गृहस्थानं दहा-बारा व्हिडिओ केले होते आणि उद्याच्या दह्यासाठी चमचाभर मागे ठेवायचं असतं, हे दोन लाख माणसांना समजावूनही सांगितलं होतं.

माई रागावल्या नाहीत. खाली गावात जाऊन चमचाभर मागून आण, म्हणाल्या. त्यानं वाटी घेतली आणि जवळजवळ पळतच टेकडी उतरला.

पण तो गावात पोचेपर्यंत, हे मला त्यानंच नंतर सांगितलं, घरोघर दिवे लागले होते.

पहिल्या घरी बाईनं मान हलवली. दुसऱ्या घरी सकाळी या म्हणाले. तिसऱ्या घरी तर त्याला ओळखलं. पोरींनी त्याच्याबरोबर फोटो काढले, चहा केला, बसायला खुर्ची दिली. विरजण दिलं नाही. त्यानं पुन्हा पुन्हा मागितलं तेव्हा घरातली म्हातारी बाहेर आली. दिवा लागल्यावर विरजण घराबाहेर जात नाही, असं तिनं त्याला नीट समजावलं.

"तुला म्हणून न्हाई, लेकरा," ती म्हणाली. "कुणालाच न्हाई. त्येवढं घरात ऱ्हावं लागतंय."

तो वर आला तो रिकामी वाटी घेऊन. माईंसमोर खाली बसला. एवढं दूध माझ्या हावरटपणामुळे वाया जाणार, असं काहीतरी बोलू लागला आणि मधेच त्याला रडू फुटलं. एका गाडग्याच्या दह्यासाठी कुणी रडत नाही. मला ते कळलं, माईंना तर कळलंच असणार.

माई उठल्या. कोनाड्यातून एक झाकलेली वाटी काढली. तिच्यात चमचाभर दही होतं.

विश्वजित वाटीकडे बघत राहिला...

"होतं?"

"वाढायच्या आधी काढून ठेवते."

"मग मला कशाला पाठवलंत?"

माईंनी वाटी त्याच्या हातात दिली. दूध बोट घालून बघ, फार निवलं असेल तर कोमट कर, म्हणाल्या.

त्यानं विरजण लावलं, हलक्या हातानं ढवळलं, झाकण ठेवलं. मग, सवय काही सुटत नाही, झाकण परत काढलं आणि फोन गाडग्यासमोर उभा केला. दही लागताना टिपायचं होतं त्याला. दुधाचं दही नेमकं कुठल्या क्षणी होतं, ते कुणी दाखवलेलंच नाही, म्हणाला.

माईंनी फोन उचलला. त्यावर राख उडाली होती, ती पदरानं पुसली आणि फोन त्याच्या खिशात घातला. मग गाडग्यावर झाकण ठेवून त्यावर जुनं घोंगडं टाकलं, लेकराला पांघरूण घालावं तसं.

"निज आता," म्हणाल्या.

सकाळी मी उठलो तेव्हा विश्वजित चुलीपाशी बसलेला होता. त्याला झोप लागली असावी, चेहरा सैल दिसत होता. माईंनी घोंगडं बाजूला केलं, झाकण काढलं. दही लागलं होतं, घट्ट, वर पिवळसर साय.

माईंनी पळी त्याच्याकडे सरकवली.

आधी त्यानं माझ्या ताटलीकडे हात नेला. मग तो थांबला. वाटी शोधली, चमचाभर दही तिच्यात काढलं, झाकलं आणि कोनाड्यात नेऊन ठेवलं. मग मला वाढलं. माई तेव्हा भाकरी थापत होत्या. त्यांनी पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही.

आम्ही खात होतो. बाहेर म्हैस हंबरत होती. मग तो आपणहून बोलू लागला, कुणी विचारलं नसताना. काल टेकडी उतरताना पाय कसा घसरला, फोटो काढून घेणाऱ्या पोरींतली एक कशी सारखी खिडकीच्या काचेत स्वतःचे केस बघत होती, म्हातारीनं नाही म्हणताना त्याच्या शर्टाची निघालेली शिवण कशी बोटानं चाचपून पाहिली. अण्णांनीही, म्हणजे त्याच्या वडिलांनीही, असंच केलं असतं, म्हणाला, कुणीही भेटलं की आधी शिवण बघायचे. सांगताना तो हसत होता. मला वाटतं, कित्येक महिन्यांत मी त्याचं इतकं चांगलं सांगणं ऐकलं नव्हतं. फोन खिशातच होता.

सात वाजून गेले होते. माझ्या लक्षात आलं. त्याच्या आलं नसावं.

बोलता बोलता त्यानं ताटली खाली ठेवली. ताटलीत बोट फिरवत राहिला. डोळे भरून आले होते, ते त्यानं पुसले नाहीत.

"माई... म्हणजे अण्णा जे शेवटचं बोलले, ते मी कधीच कुणाला सांगायचं नाही का?"

माईंनी कोनाड्यातल्या झाकलेल्या वाटीकडे एकदा पाहिलं, पिठाचा हात झटकला आणि त्याच्या पाठीवरून फिरवला.

"अरे, आता तर रोज सांगशील."