फाडलेल्या पानाची मागची बाजू

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक वाचनालय होते. वाचनालय म्हणजे काय, तर एक खोली, एक कपाट आणि एक ग्रंथपाल. राजाने अनुदान निम्मे केले, तसा ग्रंथपालही निम्म्या वेळाचा झाला. सकाळी तो जकात नाक्यावर बसे आणि दुपार कलल्यावर थोडा वेळ वाचनालय उघडे. पुस्तक घरी न्यायची सोय नव्हती, कारण हरवले तर दुसरे आणायला पैसे नव्हते. गावकरी येत, बंद दार पाहत आणि राजावरचा राग ग्रंथपालावर काढून परत जात.

सगळ्यात जास्त मागणी होती जनावरांच्या औषधांच्या पुस्तकाला. एकदा एका गाडीवानाच्या बैलाचा खांदा सुजला. त्याला पुस्तकात हवे ते पान सापडले, तोच ग्रंथपाल खिडक्या लावू लागला.

“वेळ संपली. उद्या या.”

“निदान उतरवून तरी घेऊ द्या!”

“मला काय सांगता? राजाला सांगा.”

गाडीवान तापला. ग्रंथपालाची पाठ वळताच त्याने ते पान फाडून कमरेला खोचले. ‘आमच्याच करातून आलंय,’ अशी त्याने मनाची समजूत घातली. अशी समजूत घालणारा गावात तो एकटाच नव्हता. पुस्तक पार रोडावले होते. बैल बरा झाला आणि गाडीवान ते पान विसरूनही गेला.

पुढे गावातल्या एका विधवा बाईने दोन शेळ्या घेतल्या. तोवर तिथे कुणीच शेळ्या पाळल्या नव्हत्या. तिचे घर त्या दोघींवरच चाले. एके सकाळी कोवळा ओला चारा खाऊन दोघींची पोटे टम्म फुगली. बाई वाचनालयाकडे धावली, तर दाराला कुलूप. मग ती तडक नाक्यावर गेली.

“नाका सोडला तर माझी नोकरी जाईल,” ग्रंथपाल म्हणाला.

“आणि माझ्या शेळ्या गेल्या तर? उठा!”

तो उठला आणि त्याने वाचनालय उघडून पुस्तक काढले. अनुक्रमणिकेत ‘शेळीची पोटफुगी’ होती, पान मात्र नव्हते. ग्रंथपालाने कपाळाला हात लावला. “नवी प्रत काही मिळायची नाही. आता कपाटच कायमचं बंद करतो.”

“मग उरलेली पानंही गेल्यातच जमा,” बाई म्हणाली. “फाडणारा गावातच असणार. मी शोधते.”

ती दारोदार फिरली. “शेळीच्या पोटफुगीचं पान आहे का हो तुमच्याकडे?” जो तो नाही म्हणे. गाडीवानही नाही म्हणाला, आणि तो खोटे बोलत नव्हता. त्याने बैलाचे पान नेले होते. पण ती गेल्यावर त्याला राहवले नाही. कोनाड्यातले पान काढून त्याने उलटून पाहिले. मागे लिहिले होते, ‘शेळीची पोटफुगी’.

कबूल करावे तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. समोर चूल पेटलेली होती. पान आत टाकले तर कुणाला कळलेही नसते. तो बराच वेळ घुटमळला आणि मग पान घेऊन एकदम बाईच्या घराकडे पळत सुटला.

एक शेळी मेली होती. दुसरी धापा टाकत होती.

“बघत काय बसलात? वाचा!” बाई ओरडली.

त्याने वाचले. दोघांनी मिळून शेळीला गोडेतेल पाजले, तिचे पुढचे पाय उंचावर घेऊन पोट चोळले. संध्याकाळी ती उभी राहिली.

“मेलेल्या शेळीची भरपाई करतो,” गाडीवान खाली मान घालून म्हणाला.

“ती कराच. पण आधी माझ्याबरोबर घरोघर चला.”

प्रत्येक दारात गाडीवान ते पान दाखवून सांगे, “हे मी फाडलं होतं. त्यापायी हिची शेळी गेली.” मग कुणी फडताळातून, कुणी उशीखालून आपापले पान काढून दिले. बाईने सगळी पाने खळ लावून चिकटवली आणि ग्रंथपालापुढे हात पसरला.

“किल्ली द्या. तुम्ही नाक्यावर असाल तेव्हा आम्ही पाळीपाळीने दार उघडू. ज्याला जे लागेल ते त्याने तिथे बसून उतरवून घ्यावं.”

“आणि पुन्हा पानं गेली तर?”

“तर माझ्याकडे या. मी पुन्हा दारोदार फिरेन.”

ग्रंथपालाने किल्ली दिली. राजाचे अनुदान काही वाढले नाही. ते वाढावे म्हणून बाई पुढे दरबारात खेटे घालत राहिली. वाचनालय मात्र सकाळपासून उघडे राहू लागले.

तात्पर्य: सगळ्यांची वस्तू अपुरी पडते म्हणून रागाने तिचा तुकडा तोडून नेऊ नये, कारण आपल्या हातातल्या तुकड्यावर दुसऱ्या कुणाचा तरी जीव अडलेला असतो.