नाकासमोरचा भाडेकरू

टेकडीखालचं प्राण्यांचं गाव फुगून शहर होत होतं, त्या काळची गोष्ट. उंदीरशेठनी आपल्या बिळाला लागून दुसरं बीळ खणलं आणि ‘भाड्याने देणे’ अशी पाटी लावली.

आधी बेडूक आला. “गाता ना? मग नको,” शेठ म्हणाले. खारीला चार पिल्लं निघाली, तिलाही नकार. मुंगसाने तर दुप्पट भाडं देऊ केलं. पण ते काय खातं हे कळताच शेठनी नाक मुरडलं. “आमच्याकडे वशाट चालत नाही!”

शेवटी नुकतीच कात टाकलेला, तुकतुकीत नाग आला. अटींच्या कागदातून डोकं वर न काढताच शेठनी विचारलं, “गाणंबजावणं?”

“छे, मला कानच नाहीत.”

“मुलंबाळं?”

“एकटा जीव.”

“घरात मटण शिजवाल?”

“आयुष्यात कधी काही शिजवलेलं नाही.”

“असा भाडेकरू नशिबानेच मिळतो!” म्हणत शेठनी अकरा महिन्यांच्या करारावर पंजा उमटवला. “काही लागलं तर हाक मारा. भिंतीपलीकडेच राहतो आम्ही. मी, ही आणि चौदा पिल्लं.”

नागाची जीभ लवलवली.

“जागा पसंत आहे,” तो म्हणाला. “जेवायला लांब जायला नको.”