हन्नाबाईची काहील

प्रवरेवर पूल नव्हता, इतक्या वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमचं गाव अलीकडे, मिशनचा दवाखाना पलीकडे आणि मध्ये पाटलांची होडी. होडीचा रिवाज असा, की आधी वरची आळी बसायची, मग गुरं, आणि दिवस उरला तर ख्रिस्तवाडा नि मांगवाडा. असं म्हणतात, की हन्नाबाईची लेक तापानं फणफणत काठावर थांबली होती. आधी बैल गेले. होडी परत आली तेव्हा लेकीचं अंग थंड पडलं होतं.

पाद्रीबाबा म्हणाले, "धीर धर, हन्ना. स्वर्गात सगळे सारखेच."

"स्वर्गाला होडी लागत नाही, बाबा," ती म्हणाली. "दवाखान्याला लागते."

थांबा म्हणणारे नेहमी होडीत बसलेलेच असतात. हन्नाबाई थांबली नाही. गुऱ्हाळामागे उसाचा रस आटवायची एक फुटकी काहील पडली होती. तिनं भोक चिंध्या नि डांबरानं बुजवलं, प्रार्थना केली आणि काहील नदीत लोटली. काहील गोल. तिला पुढचा काठ नाही, मागचा नाही. एकाच बाजूला बसलं की ती कलते. समोरही कुणीतरी लागतं. म्हणून नियम एकच: येईल तो बसेल, समोरासमोर. "येशू होडीत बसला, तेव्हा त्यानं वेगळी फेरी मागितली नव्हती," ती म्हणायची.

एका श्रावणात पुरानं पाटलांची होडी नेली आणि त्याच सकाळी त्यांच्या नातीला साप चावला. पोरीला उचलून पाटील धावत काठावर आले. सगळा काठ हन्नाबाईकडे बघत राहिला. ती त्या पोरीच्या पायातल्या वाळ्यांकडे बघत होती.

"बसा," ती म्हणाली.

पाटील बसले. काहील कलली, पाणी आत आलं.

"समोर कुणीतरी पाहिजे, पाटील," मधोमध वल्हं धरून उभी हन्नाबाई म्हणाली.

हाक मारायला पाटलांनी तोंड उघडलं. काठावर ख्रिस्तवाड्यातली नि मांगवाड्यातली पन्नास माणसं होती, आणि पाटलांना एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. शेवटी ते हलकेच म्हणाले, "माझ्यासमोर बसता का कुणी?"

मांगवाड्यातली गयाबाई पाण्यात उतरली. "गुडघे आवरा, पाटील. बुडवाल आम्हाला!"

असं म्हणतात, की मग काहील वाहिली नाही, नुसती फिरली. जात्यासारखी, संथ. तिच्याभोवती पुराचं पाणी काकवीसारखं दाट झालं, गुळाचा वास सुटला, आणि कोणता काठ कुणाचा, हेच कुणाला कळेना. फिरत फिरत काहील दवाखान्याच्या काठाला लागली. नात वाचली.

हन्नाबाई गेली त्या दिवशी काहील दावं सोडून प्रवाहाच्या उलट निघाली. तिच्यात समोरासमोर दोघी बसल्या होत्या म्हणतात, एक मोठी, एक लहान.

आता पूल आहे. तरी पुनरुत्थानाच्या सणाला चर्चपुढे सगळं गाव गोल बसतं, वरची आळीसुद्धा. पहिला घास उचलण्याआधी प्रत्येकजण समोरच्याला नावानं हाक मारतो. नाव ठाऊक नसेल, तर घास खाली ठेवतो आणि आधी नाव विचारतो.