कडेचे कण

"पण मला इथून का घालवताय, बुवा?"

अच्युतबुवांनी राखेची टोपली श्रीरंगकडे सरकवली.

त्या मठाची रीतच तशी होती. ज्याला प्रश्न विचारायचा असेल त्याने आधी बुवांशेजारी भांडी घासायला बसायचं. या रीतीमुळे कितीतरी मोठी माणसं दारातूनच परत गेली होती.

श्रीरंग बसला. मोठी पितळी परात ओढून त्याने ती खसाखसा घासायला घेतली.

"सावकाश," बुवा म्हणाले. "परातीनं तुझं काही बिघडवलेलं नाही."

श्रीरंग पदार्थविज्ञान शिकून मठात आला होता. दोन दिवस राहून बघू म्हणून आला आणि वर्षानुवर्षं राहिला. आता सातपुड्यातल्या कोसाडपाड्याचे लोक मुलांना शिकवायला माणूस मागत होते. आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या देखत बुवांनी श्रीरंगचं नाव घेतलं. त्याला न्यायला पाड्यावरचे जामसिंग पावरा सकाळीच येऊन बाहेर निंबाखाली बसले होते.

"दुसरं कोणी जाईल," श्रीरंग म्हणाला. "मला अजून शिकायचंय तुमच्याकडून."

"काय राहिलं?"

"सगळंच."

"म्हणजे तुला काहीच येत नाही. मग त्या पोरांचं कठीण आहे."

"थट्टा करू नका, बुवा." त्याने घासणं थांबवलं. "पृथ्वीवर जे काही जिवंत आहे ते सूर्यामुळे आहे. पृथ्वीला सूर्यापासून दूर लोटलं तर ती गोठून जाईल. माझं तेच होईल."

बुवा हातातलं पातेलं फिरवत राहिले.

"सूर्य मधे आणलास. बरं. तो आला कुठून?"

"तुम्हाला खरंच ऐकायचंय?"

"भांडी पुष्कळ आहेत."

श्रीरंगने परातीत पाणी ओतलं. घासायची बारीक वाळू मूठभर घेऊन त्यात सोडली.

"आधी एक ढग होता. वायूचा आणि धुळीचा. अफाट मोठा, अगदी विरळ, हळूहळू स्वतःभोवती फिरणारा. तो स्वतःच्याच ओढीने आत ढासळायला लागला. जितका आक्रसला तितका वेगाने फिरला. फिरता फिरता चपटा झाला. भाकरीसारखा."

"कोणाच्या भाकरीसारखा? सखूबाईच्या की तुझ्या?"

मठाचा स्वयंपाक सखूबाई करायच्या. श्रीरंगला हसायचं नव्हतं. तरी हसू आलं.

"सखूबाईंच्या. माझी कुठे चपटी होते?"

त्याने परातीतलं पाणी हाताने गरगर फिरवलं आणि हात काढून घेतला. पाणी फिरत राहिलं. वाळू सरकत सरकत मधे गोळा होऊ लागली.

"हे तंतोतंत तसं नाही. पण साधारण असं. जवळजवळ सगळा माल मधे गेला, त्याचा सूर्य झाला. बाकी उरलं ते इतकंसं. त्या उरल्यासुरल्यातून सगळे ग्रह. जवळच्या ग्रहांच्या वाट्याला दगड आणि धातू आले, कारण तिथल्या उष्णतेत दुसरं काही घट्ट होत नव्हतं. लांब थंडी होती. तिथे बर्फही टिकलं. म्हणून लांबचे ग्रह मोठे झाले."

"लांबचे मोठे झाले?"

"हो."

बुवा पातेल्याचं बूड निरखत होते.

"त्याचा इथे काही संबंध नाही, बुवा."

"मी कुठं काय म्हटलं?"

परातीतलं पाणी मंदावत चाललं होतं. मधे वाळूचा लहानसा ढीग झाला होता. थोडे कण अजून कडेने फिरत होते. बुवा खाली वाकले.

"हे का नाही गेले मधे? सूर्यावर रुसले होते?"

"नाही. सूर्य त्यांनाही ओढतो. ग्रह सतत सूर्याकडे पडतच असतात, बुवा. पण त्यांना स्वतःचा वेग असतो, बाजूला जाणारा. पडता पडता ते बाजूला सरकतात. म्हणून पडणं संपत नाही आणि पोचणंही होत नाही."

"आणि हे मधले?"

"त्यांचा तो वेग गेला. ते आत पडले."

"यातला एखादा वेगळा काढून दाखवशील?"

"आता कसा दाखवणार? ते सूर्य झाले." मग जरा ताठ होत तो म्हणाला, "सूर्य होणं काही वाईट नाही."

"वाईट नाहीच," बुवा म्हणाले. "फक्त त्यावर गवत उगवत नाही."

श्रीरंगने पुन्हा राख हातात घेतली.

बाहेरून जामसिंगांचा खाकरल्याचा आवाज आला.

"त्यांना पाणी नेऊन दे," बुवा म्हणाले. "केव्हाचे बसलेत."

श्रीरंग तांब्या घेऊन बाहेर गेला. अंगण ओलांडून निंबाखाली आला. जामसिंग त्याच्याकडे बघत होते. तोंडाकडे नाही, पायांकडे.

"गुरुजी, पायाला लागलंय का?"

"नाही. का?"

"लंगडताय. आमची वाट चढाची आहे. आधी कळलं असतं तर घोडं आणलं असतं."

"मला काही झालेलं नाही."

जामसिंगांनी तांब्या तोंडाला लावला. पाणी पिऊन झाल्यावरही ते त्याच्या डाव्या पायाकडेच बघत होते.

"मग असे चालता का?" त्यांनी विचारलं. कुत्सितपणे नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.

श्रीरंग परत निघाला. या वेळी त्याचं लक्ष पायाकडे होतं. उजवा पाय नीट पडत होता. डावा जमिनीला घासत मागून येत होता, टाच किंचित बाहेर फेकत.

त्याच अंगणात तसं चालणारा आणखी एकच माणूस होता. तरुणपणी बुवांच्या डाव्या पावलावरून बैलगाडीचं चाक गेलं होतं.

तो दारात येऊन उभा राहिला. हातातला तांब्या खाली ठेवायचं त्याला सुचेना.

"बुवा... हे कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"तुम्ही बघत होतात?"

"आधी तुझा खोकला माझ्यासारखा झाला. मग बोलणं. परवा तू दाराआडून बोललास तर सखूबाईनं बाहेरूनच हात जोडले. मग पाय."

"मला सांगितलं का नाही?"

बुवांनी पातेलं बाजूला ठेवलं. ते ठेवायलाही त्यांना वेळ लागला.

"मला बरं वाटत होतं, श्रीरंग."

...

श्रीरंग खाली बसला. बुवांच्या गुडघ्यावर डोकं टेकून तो लहान मुलासारखा रडला. बुवांचे दोन्ही हात राखेने भरले होते. त्यांनी हात उचलला, क्षणभर तसाच धरला आणि मनगट त्याच्या केसांवर टेकवलं.

मग श्रीरंगने डोकं वर केलं.

"तुमच्या पायाला तेल कोण चोळेल?"

"कोणी ना कोणी चोळेल. नाहीतर दुखेल. पाय माझा आहे."

"आणि मी तिथे अडलो तर? त्या मुलांनी असं काही विचारलं, की मला येतच नाही, तर?"

"तर सांग, येत नाही."

"तुमचं काय उत्तर असतं असा विचार मनात येणारच, बुवा."

"येऊ दे. मग तुझं दे."

श्रीरंगने डोळे पुसले. उठून परातीतलं पाणी तुळशीच्या आळ्यात ओतलं. आत जाऊन पिशवी खांद्याला लावून बाहेर आला. नमस्काराला वाकला तेव्हा बुवांनी पाय आखडून घेतले.

"त्यांना नको करूस. तुझ्यावर त्यांचे आधीच फार उपकार झालेत."

श्रीरंग ओल्या डोळ्यांनी हसला.

तो अंगणात उतरला. पहिली काही पावलं त्याने चालायला शिकणाऱ्या मुलासारखी टाकली, एकेक बघून. डावा पाय उचलायचा. टेकवायचा. घासायचा नाही. निंबाजवळ पोचेपर्यंत त्याची मान वर आली होती. जामसिंग उठून उभे राहिले आणि त्यांनी न विचारताच त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

"श्रीरंग."

तो वळला. बुवा उंबऱ्यापर्यंत आले होते. एक हात चौकटीवर होता.

"एक विचारायचं राहिलं. सूर्य पृथ्वीला ओढतो म्हणालास. पृथ्वी ओढते का सूर्याला?"

"ओढते, बुवा. तितक्याच जोराने. पण सूर्य फार मोठा, म्हणून..."

"म्हणून काय?"

"म्हणून तो जागचा किंचित हलतो. इतकंच."

"बघणाऱ्याला दिसतं ते?"

"नुसत्या डोळ्यांनी नाही दिसत."

बुवांनी चौकटीवरचा हात काढला. मग पुन्हा तिथेच ठेवला.

"दिसत नाही ना... मग नीघ तू."