बारवेची मेणबत्ती

त्या दिवशी चैत्राचं ऊन असं काही तापलं होतं, की कावळेसुद्धा सावली धरून गप्प बसले होते. वारा नाही, ढग नाही. कडुलिंबाचा इवला इवला पांढरा मोहोर तेवढा हळूहळू खाली पडत होता. अशा उन्हात मेणबत्त्या ताठ उभ्या राहतात होय? मन्मथच्या टोपलीतल्या सगळ्या मेणबत्त्यांनी माना टाकल्या होत्या.

मन्मथ आणि त्याची आई शिवकांता, दोघंच घरात. मेणबत्त्या ओतायच्या आणि गावात विकायच्या, त्यावरच पोट. पूर्वी गावात रोज वीज जायची, तेव्हा दारी गिऱ्हाईक यायचं. आता वीज जातच नव्हती, मग मेणबत्ती घेणार कोण? चूल कधी पेटायची, कधी नाही.

शेजारी इरप्पाकाका कुंभार राहायचे. मनानं चांगले, पण जीभ मिरचीची. टोपलीत डोकावून म्हणाले, "काय मन्मथराव, मेणबत्त्या विकताय का शेवया?"

मन्मथ हसला. टोपली डोक्यावर घेतली आणि रोजच्यासारखा गावाबाहेरच्या बारवेत उतरला.

बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर, बरं का. चारी बाजूंनी पायऱ्या खाली खाली उतरत जातात. मध्ये कमानी, भिंतीत छोट्या छोट्या देवळ्या, देवळ्यांवर कोरलेली कमळं आणि मुठीएवढे दगडी हत्ती. कुणी बांधली, कधी बांधली, आता कुणाला आठवत नाही. पाणी केव्हाच आटलं होतं आणि तळाशी कचऱ्याचा ढीग साठला होता. पण आत गारवा असा, की त्यानं सरळ करून ठेवलेल्या मेणबत्त्या घटकाभरात पुन्हा कडक झाल्या.

"अगं बाई, ताठ झाल्या की सगळ्या!" कुणीतरी नाजूक आवाजात म्हणालं.

मन्मथनं वर पाहिलं. एका देवळीत अंगठ्याएवढी परी बसली होती. डाळिंबाच्या फुलासारखा लालचुटुक घागरा, शेवाळ्याच्या रंगाचे हिरवेगार पंख, आणि पंखांवर दवाचे थेंब लुकलुक, लुकलुक. पण डोळे रडून रडून सुजलेले.

"का गं रडतेस?" मन्मथनं विचारलं.

"येत्या बाजारच्या दिवशी माझं घर बुजवणार आहेत. मुरूम टाकून, सपाट करून, वर बाजार भरवणार."

मन्मथला ते ठाऊक होतं. शेरडं आत पडतात, घाण वास येतो, म्हणून सरपंचबाईंनी तसं ठरवलं होतं. त्यानं आपल्या डब्यातलं पाणी झाकणात ओतून परीपुढं ठेवलं. "आधी पाणी पी. रडून घसा कोरडा पडतो."

परी पाणी प्यायली आणि तिनं आपल्या केसांतला एक सोनेरी केस उपटून त्याच्या हातावर ठेवला. "ही वात घे. हिच्याभोवती जे घडवशील, ते मेणबत्ती जळता जळता खरं होईल. पण तीन गोष्टी सांभाळ. घडवायचं ते स्वतःच्या हातानं. डोळ्यांनी जे पाहिलं नाहीस, ते मेणात करायचं नाही. आणि एकदा पेटवलीस की विझवायची नाही."

मन्मथचे डोळे चमकले. "आईसाठी माडीचं घर करू?"

"कर की. माडी आतून पाहिलीयस?"

"नाही." मग त्यानं त्या कमानींकडे, त्या छोट्या हत्तींकडे पाहिलं. "मग तुझंच घर करतो. हे मी रोज बघतो."

"सगळं बघतोस?"

मन्मथनं खाली पाहिलं. तळ कुठं दिसत होता?

दुसऱ्या दिवसापासून तो घमेलं आणि खराटा घेऊन बारवेत उतरू लागला. बाटल्या, चिंध्या, फुटक्या कुंड्या वर काढू लागला. एक पायरी मोकळी झाली, की बोटांनी चाचपून बघायचा. कुठं दगड झिजलाय, कुठं कमळाची पाकळी तुटलीय. त्याचं बघून दोघी तिघी पोरी आल्या, मग त्यांचे भाऊ आले. संध्याकाळी तो इरप्पाकाकांकडून माती घेऊन यायचा.

कारण विहीर करायची तर आधी डोंगर करावा लागतो. डब्यात मातीची पायऱ्यापायऱ्यांची टेकडी उभी करायची, तिच्या पोटातून वात ओवायची आणि वरून पातळ मेण ओतायचं. मेण गोठलं की उलटं करून माती काढून टाकायची. टेकडीच्या जागी विहीर होते.

"विहिरीची मेणबत्ती!" काका म्हणाले. "उद्या हौदाची उदबत्ती कर." पण माती मात्र मऊसूत मळून दिली.

बाजाराचा दिवस उजाडायला आला, तरी तळ काही मोकळा झाला नाही. उलटल्यावर ज्याचा तळ होणार, तो मन्मथच्या टेकडीचा माथा कोराच राहिला.

"अरे, काढ काहीतरी नक्षी," काका म्हणाले. "तळाशी कोण बघायला जातंय?"

"मी पाहिलं नाही, काका. कसं काढू?"

त्यानं माथा तसाच गुळगुळीत ठेवला. अर्धवट मेणबत्तीनं बारव वाचेल का? पण खोटं काही त्याच्या हातून होईना. आईनं मेण पातळ केलं आणि त्यानं ओतलं.

सकाळी मुरमाचा ट्रॅक्टर बारवेशी येऊन उभा राहिला. गाव गोळा झालं. मन्मथ पहिल्या पायरीवर बसला आणि त्यानं मेणबत्ती पेटवली.

"बाळा, विझव ती आणि बाजूला हो," सरपंचबाई म्हणाल्या.

"एकदा पेटवली की विझवायची नसते, बाई. जरा बघा तरी."

बाई वाकल्या. त्यांच्यामागं सगळेच वाकले. मेणाच्या एवढ्याशा बारवेत ज्योत उभी होती आणि तिच्या उजेडात कमानी, कमळं, हत्ती मधासारखे झळकत होते. "अय्या, ही तर आपली बारव!" कुणीतरी म्हणालं. मेण वितळलं, पायरीवरून ओघळलं आणि त्या कोऱ्या तळाशी साठत गेलं, चकचकीत, पाण्यासारखं.

तेवढ्यात खालून आवाज आला. बुडुक, बुडुक.

खऱ्या बारवेच्या तळाशी झरा फुटला होता! उरलेला कचरा तरंगत वर आला, पोरांनी तो टोपल्यांनी काढला, आणि निळंशार पाणी पायरी पायरी चढत थेट हत्तींच्या पायांशी येऊन थांबलं. सरपंचबाईंनी चप्पल काढली, पाण्यात पाय सोडले आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाल्या, "मुरूम परत ने बाबा. बाजार भरेल दुसरीकडं."

ज्योत शेवटची मोठी झाली. तिच्याभोवती परीनं एक गिरकी घेतली आणि मन्मथच्या कानाशी म्हणाली, "न पाहिलेलं कोरं ठेवलंस ना, तिथंच पाणी आलं बघ." मग ती सोनेरी झाली, पांढरी झाली, उजेड झाली, आणि पाण्यावर नुसता चांदणचुरा उरला.

आता दूरदूरच्या गावांहून निरोप येतात. आमच्या वेशीची मेणबत्ती कर. आमच्या दीपमाळेची कर, आमच्या बुरुजाची कर. मन्मथ आधी जाऊन बघून येतो, मगच करतो. शिवकांताच्या घरात फळीवर लाल, पिवळ्या, जांभळ्या चिमुकल्या वेशी आणि बुरूज ओळीनं उभे असतात, आणि चूल रोज पेटते.

बारवेला पाणी आलं, त्या संध्याकाळी इरप्पाकाका बराच वेळ दारात घुटमळले. थट्टा काही सुचेना. शेवटी मन्मथच्या खांद्यावर मातीचा हात ठेवून म्हणाले, "लेकरा, उद्या माझे व्याही येणार आहेत. त्यांना बारव दाखवायला न्यायचंय. तू पुढं चाल. मी मागून सांगत येतो, हे आमच्या शेजारचं पोर आहे म्हणून."