सखाहरीने उत्प्रेरक बसवला

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव सखाहरी. गावच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचा. सांगितलेलं सगळं करायचा, हीच पंचाईत होती.

गावातल्या बेकरीच्या भट्टीतून विषारी वायू निघे आणि कामगार घेरी येऊन पडत. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या हर्डीकर मॅडमनी त्यावर उपाय शोधला होता. कोळशाच्या पुडीवर प्लॅटिनमचे कण बसवायचे, त्यावरून धूर सोडायचा, की विष जातं. अडलं होतं ते संस्थेच्या अध्यक्षांच्या मंजुरीपाशी. अध्यक्ष म्हणत, "बघू." मॅडमना वाईट वाटायचं ते बेकरीतल्या माणसांचं.

एकदा मॅडम म्हणाल्या, "सखाहरी, ही कोळशाची पूड धुऊन ठेव."

त्याने साबण लावून धुतली. पूड मोरीतून वाहून गेली.

"अरे देवा! पाणी फेकायचं आणि काळं गाळून ठेवायचं!"

"बरं मॅडम."

दुपारी प्राचार्यांनी चहा मागवला. सखाहरीने चहा फेकला आणि चोथा बशीत घालून नेला. प्राचार्यांनी चमचा मागितला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे, आधी वस्तूचं काम ओळखावं! आता उत्प्रेरकच घे, म्हणजे ते प्लॅटिनम. तो स्वतः जागचा हलत नाही, पण त्याच्यावाचून काम होत नाही. त्याला कोळशावर बसवून धुरात ठेवायचं. शेवटी तो जसाच्या तसा बाहेर येतो. कळलं?"

"कळलं मॅडम."

मग अध्यक्ष बेकरीत पाहणीला आले. पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे कपडे. त्यांना प्रयोग दाखवायला मॅडम छपरावर नळी जोडत होत्या. खाली अध्यक्ष कामगारांना सांगत होते, "मी स्वतः काही करत नाही बरं का. पण माझ्यावाचून इथलं पान हलत नाही."

सखाहरीचे डोळे चमकले.

वरून मॅडम ओरडल्या, "सखाहरी, उत्प्रेरक बसवलास का? मग पेटव भट्टी!"

भट्टीमागे धूर जायची खोली होती. सखाहरीने तिथे कोळशाचं पोतं मांडलं. "साहेब, या. बसा."

बसा म्हटलं की अध्यक्ष बसायचेच. सखाहरीने दाराला कडी घातली आणि भट्टी पेटवली.

थोड्याच वेळात आतून दारावर धडका बसू लागल्या. "मंजूर! यंत्र मंजूर! आजच बसवा! दार उघडा!"

मॅडम धावत खाली आल्या, कडी काढली. अध्यक्ष खोकत बाहेर पडले. अंगावर पांढरं असं काही उरलं नव्हतं. कामगार तोंडाला फडकी लावून हसत होते.

सखाहरीने अध्यक्षांभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली.

"मॅडम, काम झटक्यात झालं. पण माल खराब निघाला हो. हा जसाच्या तसा नाही आला. दुसरा मागवू?"