मनकर्णेच्या दारची गुलबक्षी

फूल तोडू नका, बाई. फोटो काढा हवे तेवढे, पण हात लावू नका. रागावून सांगत नाही. आमच्या गावात हे फूल कोणी देवाला वाहत नाही, केसात माळत नाही. गाडीतून उतरल्यापासून तुम्ही बघताय, घर चिऱ्याचं असो की स्लॅबचं, दाराशी गुलबक्षीचं एक तरी झाड आहेच. पाहुण्यांना वाटतं, काय हौशी गाव आहे! हौस कसली, लाज आहे ती. आमच्या वाडवडिलांनी ती दारात लावून घेतली आणि आम्ही तिला पाणी घालतो.

बसा इथे पारावर. ऐकायचं असेल तर सगळं ऐका, अर्ध्यावर उठू नका.

फार पूर्वी या गावात मिरीचे वेल घरोघरी होते. माघातल्या जत्रेला प्रत्येक घर देवीपुढे मिरे ठेवायचं आणि ते सगळे देवळातल्या एका मडक्यात साठवायचे. वर्षभर कुणाला खोकला, ताप आला, कुणी बाळंत झाली, तर त्याच मडक्यातले मिरे काढ्याला जायचे. मडकं सांभाळायची मनकर्णा, देवळाच्या गुरवाची विधवा. तिला दुसरा आधार नव्हता. देऊळ झाडायचं, मडकं राखायचं आणि देवीच्या नैवेद्यातून मिळेल त्यावर राहायचं.

आणि वरच्या आळीत द्वारका. मोठं घर, मोठे वेल, त्याहून मोठा मान. जत्रेला पहिलं माप तिच्या घरचं, तेही शिगोशीग. गुलबक्षी साऱ्या गावात फक्त तिच्या अंगणात होती. माहेरून येताना पदराच्या गाठीला बी बांधून आणलं होतं म्हणे. कुणी मागितलं तर हसून म्हणायची, 'देईन हो पुढच्या वर्षी.' ते पुढचं वर्ष कधी उजाडलं नाही.

एका वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला आणि मिरीचे वेल मुळापासून कुजले. कुणी चिमूटभर मिरे आणले, कुणी रिकाम्या हातानेच देवीला नमस्कार केला. कोणी कोणाला हसलं नाही. पण द्वारकेला रिकामं माप कसं चालेल? तुम्ही गुलबक्षीचं बी पाहिलंय का? हे बघा. काळं, गोल, सुरकुतलेलं. मिऱ्यात टाकलं तर मिरे लावणाऱ्यालाही चटकन ओळखू येणार नाही. तिने माप त्या बियांनी भरलं, वर दोन मुठी खरे मिरे पसरले आणि देवीपुढे ठेवलं. सारं गाव तोंडात बोटं घालून बघत राहिलं. देवीच्या पुढ्यातलं कोण चावून बघतो?

वैशाखात खालच्या आळीतली एक सून बाळंत झाली. तिला मडक्यातल्या मिऱ्यांचा काढा दिला. गुलबक्षीचं बी विषारी. पोरीला उलट्या आणि जुलाब सुरू झाले ते थांबेनात. दूध आटलं, पोर भुकेने रडू लागलं. आई वाचली, मूलही वाचलं, पण गाव हादरलं. देवळात सभा बसली. मिरे कुजवले, ओल लागू दिली, हिच्या हाताला गुणच नाही, असं म्हणत सगळ्यांनी मनकर्णेवर बोट ठेवलं. तिने विनवून सांगितलं की मडकं कोरडं होतं. कोणी ऐकलं नाही. तिच्याकडून देवळाची किल्ली काढून घेतली आणि पुन्हा देवळाची पायरी चढू नकोस म्हणून बजावलं. द्वारका बायकांत सर्वांत पुढे बसली होती. असं सांगतात की ती सभा संपेपर्यंत पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

मडकं देवळामागे पालथं केलं. मनकर्णेने त्यातले ओंजळभर दाणे पदरात उचलले. तिचा विचार साधा होता: कुजलेलं बी उगवत नाही. उगवलं, तर आपण कुजवलं नाही, एवढं तरी आपल्याला कळेल. तिने झोपडीच्या दारात माती भुसभुशीत केली, दाणे रात्रभर भिजवून बोटाच्या पेराएवढे खोल खोचले, मुंग्या लागू नयेत म्हणून वर राख भुरभुरली आणि वाट बघत बसली.

मिरे नाही उगवले. गुलबक्षी उगवली.

श्रावणात सांजेच्या वेळी फुलं उमलली. विहिरीची वाट त्याच दारावरून जाते, तेव्हा साऱ्या गावाने ती पाहिली. आता कळेल, असं तुम्हाला वाटलं ना? आमचं गाव एवढं शहाणं असतं तर आणखी काय हवं होतं? बायका म्हणाल्या, 'द्वारकेचां मन केवढां मोठां बघा, असल्या बायकेकसुद्धा आपलां बी दिल्यान.' ते कौतुक द्वारकेच्या कानावर रोज पडायचं आणि तिला अन्न गोड लागेना. मनकर्णाही ते ऐकायची. ऐकून झाडाला पाणी घालत राहायची.

उन्हाळ्यात झाड वाळून मातीला मिळालं. द्वारकेने सुटकेचा श्वास सोडला. संपलं एकदाचं. पण गुलबक्षी बीपासून येते ती एका वर्षापुरती नव्हे, मातीखाली तिचा कंद राहतो. मृग बरसला आणि तीच झाडं दुप्पट जाड होऊन वर आली. त्या सांजेला द्वारका विहिरीवर गेली नाही. घागर वाटेतच ठेवून ती मनकर्णेच्या दारात मातीत बसली.

'तुका म्हायत होतां?'

'पान दोन बोटां झालां, तेव्हाच,' मनकर्णा म्हणाली.

'मग बोललंस कित्याक नाय?'

'तू बोलतलंस म्हणान वाट बघी होतंय, वयनी.'

दुसऱ्या दिवशी द्वारकेने सगळ्यांसमोर देवीच्या पायरीवर डोकं टेकून सगळं सांगितलं. गाव तिच्यावर तुटून पडायला उठलं आणि उठता उठता थबकलं. कारण प्रत्येकाला तेव्हाच सुचलं, की त्या सभेत मडक्यातला एक दाणा जरी कुणी दाताखाली धरला असता, तरी सगळं तिथेच कळलं असतं. तिखट नाही, म्हणजे मिरे नाहीत. एवढं सोपं होतं. मनकर्णा विनवून सांगत होती, तेव्हा आपण ऐकलंसुद्धा नव्हतं. उठलेली माणसं लाजेने खाली बसली.

मग सारं गाव किल्ली घेऊन मनकर्णेच्या दारी गेलं. ती किल्लीकडे पाहायलासुद्धा तयार झाली नाही. म्हणाली, 'माफी मागूक इलात, पण माफी माझ्याकडे नाय. बी आसा. तां न्हेवा.' आणि प्रत्येकाच्या हातावर तिने एकेक दाणा ठेवला. पुढे ती फार वर्षं जगली म्हणतात, पण देवळाची पायरी काही चढली नाही.

आजही नवी सून आली की माप ओलांडण्याआधी दाराशी स्वतःच्या हाताने गुलबक्षीचं बी लावते. आजही देवीपुढे मिरे ठेवताना जो तो आधी एक दाणा चावतो. सांजेला फुलं उमलली की ओटीवर कुणाच्या पाठीमागे कुणाबद्दल बोलत नाहीत. बायका तर नाहीतच, आणि बायकांहून जास्त बोलणारे आम्ही पुरुषही नाही. आणि जत्रेच्या दिवशी गावचा त्या वर्षीचा मानकरी मनकर्णेच्या झोपडीच्या जागेशी जातो. तिथे आता नुसतं जोतं आहे. अनवाणी उभं राहून तो विचारतो, 'मनकर्णे, माफ केलंस गो?' सगळं गाव मागे उभं असतं. थोडा वेळ वाट बघतात, मग मान खाली घालून परत येतात. एवढ्या पिढ्या गेल्या, पण 'तिने केलं असेल आता' असं अजून कोणी म्हणालेलं नाही.

यंदा विचारायची पाळी माझी आहे.